अळीच्या आतड्यातला पिवळा पट्टा: संकेतापासून जनुकापर्यंतचा माग कसा काढायचा

केळ्यांच्या घडाभोवती घिरट्या घालणारी चिलटं आपण हाताने हाकलतो. त्याच चिलटाच्या अळीला निळा रंग खाऊ घातला, तर तिच्या आतड्याच्या मधल्या भागात पिवळा पट्टा उमटतो. पुढे निळं, मागे निळं, मध्ये पिवळं. हा पट्टा नेमका तिथेच का येतो, एवढा एकच प्रश्न धरून मागे मागे जात राहिलं, तर पेशी एकमेकींना काय सांगतात आणि त्या सांगण्याने जनुकं कशी सुरू होतात, बंद होतात, हे टप्प्याटप्प्याने उलगडत जातं.

बडोद्यात आमच्या पुष्कळ मुलांच्या घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि पुस्तकात इंग्रजी. विषय तिसऱ्या भाषेत येतो तेव्हा मुलं तो पाठ करतात. ‘अल्ट्राबायथोरॅक्समुळे डीपीपी, डीपीपीमुळे लेबियल’, अशी जनुकांच्या नावांची आणि बाणांची माळ वहीत सुरेख काढलेली असते. पण हा बाण कोणी, कशावरून काढला, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणून इथे उलटा रस्ता धरला आहे. आधी पट्टा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, मग त्याचा माग काढायचा, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक बाणाकडे पुरावा मागायचा.

चिलटं मिळवणं आणि जगवणं

शेतकरी जिला फळमाशी म्हणतात, आंब्यात अळ्या पाडणारी, ती वेगळी. आपल्याला हवी ड्रोसोफिला, दोन-तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची. खंडेराव मार्केटातल्या लारीवरून दोन जास्त पिकलेली केळी आणा, कुस्करा, त्यावर चिमूटभर बेकरीचं यीस्ट भुरभुरवा आणि रुंद तोंडाच्या बाटलीत घाला. तोंडाशी कागदाचा शंकू बसवा, त्याचं टोक थोडं कापलेलं. एका दिवसात माश्या आत येतात आणि बाहेर पडायची वाट त्यांना सहसा सापडत नाही.

आत आलेल्या सगळ्या एकाच जातीच्या नसतात. डोक्यावर आणि पाठीवर चंदेरी पांढऱ्या रेघा असलेली झाप्रिओनस असते, ती वेगळी काढा. ड्रोसोफिला मेलानोगॅस्टरच्या नराच्या पोटाचं टोक काळं असतं आणि पुढच्या पायांवर काळ्या केसांची छोटी फणी असते. साध्या भिंगातूनही टोक दिसतं, फणीला सूक्ष्मदर्शक लागतो. एखाद्या प्रयोगशाळेतून कॅन्टन-एस किंवा ओरेगॉन-आर हे ठरलेले वाण मिळत असतील तर तेच घ्या. पुढे ज्या जनुकांची गोष्ट येणार आहे, ती याच जातीवर उभी आहे.

खाद्यासाठी एक लिटर पाण्यात १० ग्रॅम आगर, ८० ग्रॅम मक्याचं पीठ, ४० ग्रॅम साखर आणि १५ ते २० ग्रॅम कोरडं यीस्ट घालून, सतत ढवळत, पिठल्यासारखं दाटसर शिजवा. हात लावण्याइतकं निवलं की ४ मिलिलिटर प्रोपिओनिक आम्ल घाला, म्हणजे बुरशी धरत नाही. बाटल्यांत ओता, कापसाचा बोळा लावा.

खरी अडचण उन्हाळ्याची. माशीला २५ अंश मानवतात. त्या तापमानाला अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. पारा ३० अंशांच्या वर गेला की नर वांझ होऊ लागतात, आणि बडोद्याचा मे महिना ४० च्या पुढे असतो. बाटल्या मरत नाहीत, पण नवी पिढीच येत नाही, आणि खाद्यात चूक शोधण्यात आठवडे जातात. इन्क्युबेटर नसेल तर थर्मोकोलचा खोका, आत बर्फाच्या बाटल्या आणि एक थर्मामीटर. बर्फ सकाळ-संध्याकाळ बदलायचा. पण हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करणं सगळ्यात शहाणपणाचं. तेव्हा खोलीचंच तापमान पुष्कळदा जमून येतं.

निळा रंग खाऊ घालणं

रंगाचं नाव ब्रोमोफिनॉल ब्लू. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ३ च्या खाली असेल तर तो पिवळा असतो, ४.६ च्या वर निळा, मधल्या पट्ट्यात हिरवट. म्हणजे तो रंगही आहे आणि आम्ल मोजायची पट्टीही.

यीस्टमध्ये थोडं पाणी घालून चटणीसारखा लगदा करा. ५ ग्रॅम लगद्याला ५० मिलिग्रॅम रंग, म्हणजे १ टक्का. लगदा निळाच दिसायला हवा. आता एक ठिपका काचेवर घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. तो पिवळा झाला तर रंग ठीक आहे. हा लिंबाचा ठिपका वगळू नका. आतड्यात पिवळं दिसल्यावर ‘हे आम्लच’ असं म्हणायचा अधिकार तुम्हाला याच ठिपक्याने मिळतो.

अंडी घातल्यानंतर साधारण साडेतीन-चार दिवसांच्या, अजून खाद्यात तोंड खुपसून खाणाऱ्या अळ्या निवडा. पाण्याने धुवा आणि निळ्या लगद्यावर तीन-चार तास सोडा. भिंतीवर चढलेल्या अळ्या घेऊ नका. पहिल्या वेळी मी त्याच घेतल्या होत्या, कारण त्या मोठ्या असतात आणि चिमट्यात सहज येतात. एकीतही पट्टा दिसला नाही. कोषात जायच्या आधी अळी खाणं सोडते आणि आतडं रिकामं करते, तेव्हा रंग पोटात जाणारच कुठून? दोन दिवस मी रंगाला दोष देत होते.

खाल्लेली अळी धुऊन बर्फावर ठेवलेल्या काचेवर काही मिनिटं ठेवा, ती निपचित होते. कातडी जवळजवळ पारदर्शक असते, त्यामुळे न कापताही मधला पिवळा तुकडा दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा श्वास क्षणभर थांबतो. आमच्या एका मुलीने डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून विचारलं होतं, “मॅडम, हे हळदीचं बोट कोणी लावलं?” आम्लामुळे हळद पिवळी आणि साबणाने लाल, हे तिने घरी पाहिलेलं होतं, म्हणून तिला ते चटकन सुचलं.

आतडं बाहेर काढायचं असेल तर सलाइनच्या थेंबात अळी ठेवा. एका बारीक चिमट्याने तोंडातले काळे आकडे धरा, दुसऱ्याने शरीराचा पुढचा तिसरा हिस्सा, आणि हळू ओढा. आतडं दोऱ्यासारखं बाहेर येतं. पुढचं टोक कोणतं ते ओळखा: तिथे कांद्यासारखा गोळा असतो आणि त्याला चिकटून चार बोटांसारख्या पिशव्या. मागच्या बाजूला मध्य-आतडं संपतं तिथे चार पिवळट नळ्या सुटतात, त्या उत्सर्जनाच्या. या नळ्यांचा पिवळेपणा आणि आम्लाचा पिवळेपणा यांत गल्लत करू नका. आतडं फाटलं तर रंग सलाइनमध्ये सांडतो आणि निळा होतो, म्हणून चित्र लगेच काढा. फोटोही काढा, पण हाताने काढलेल्या चित्रात पट्टा कुठून कुठपर्यंत आहे हे ठरवावं लागतं, फोटोत ते ठरवायचं राहून जातं.

आम्ल सोडणाऱ्या या पेशींना तांबे-पेशी म्हणतात. अळीला तांब्याचा क्षार खाऊ घातला तर अतिनील प्रकाशात त्या नारिंगी चमकतात, म्हणून हे नाव. आपल्या जठरातल्या आम्ल सोडणाऱ्या पेशींशी त्यांची तुलना केली जाते.

भ्रूणात आतडं घडताना बघणं

पट्ट्याची जागा अळीत ठरत नाही. ती अंड्याच्या आत, पहिल्याच दिवसात ठरते. हेही साध्या सूक्ष्मदर्शकाने बघता येतं, फक्त वेळ जुळवावी लागते.

गुळाच्या पाण्यात आगर घालून छोट्या ताटल्या भरा, मध्ये यीस्टचा ठिपका लावा. रात्री ८ ते १० माश्यांना त्यावर अंडी घालू द्या, मग ताटली काढून २५ अंशांना ठेवा. सकाळी १० वाजता भ्रूण १२ ते १४ तासांचे असतात. ब्रशने अंडी उचला, निम्मं पाणी घातलेल्या ब्लीचमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवा, बाहेरचं कवच विरघळतं. मग भरपूर पाण्याने धुवा आणि पाण्याच्या थेंबात बघा.

मधे जो गडद भाग दिसतो तो बलक, आणि बलकाला वेढून बसलेली पिशवी म्हणजे मध्य-आतडं. थोड्या लहान भ्रूणांत ती हृदयाच्या आकाराची दिसते. मोठ्यांत तिला तीन ठिकाणी चिमटा बसलेला असतो, जणू पोत्याला तीन सुतळ्या आवळल्या आहेत, आणि चार कप्पे झालेले असतात. मधली सुतळी नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्या आसपास घडते.

आता माग काढायचा

आतड्याला दोन थर असतात. आतला थर, ज्याच्यातून पुढे तांबे-पेशी होतात, आणि त्याच्याभोवतीचा मध्यस्तर, ज्याचे पुढे स्नायू होतात. तांबे-पेशी होणार असलेल्या आतल्या पेशींत लेबियल नावाचं जनुक सुरू असतं. लेबियल गेलं की तांबे-पेशी होत नाहीत. मागाची पहिली पायरी ही: पिवळा पट्टा म्हणजे आम्ल, आम्ल म्हणजे तांबे-पेशी, तांबे-पेशी म्हणजे लेबियल.

मग लेबियल तिथेच का? इथे नवलाची गोष्ट येते. अल्ट्राबायथोरॅक्स हे होमिओटिक जनुक, म्हणजे शरीराच्या कोणत्या भागाचं काय व्हायचं हे ठरवणारं, बिघडलेल्या भ्रूणात लेबियल नीट सुरू होत नाही आणि मधला चिमटाही बसत नाही. पण अल्ट्राबायथोरॅक्स आतल्या थरात सुरूच नसतं! ते असतं बाहेरच्या मध्यस्तरात, सातव्या पराखंडात (भ्रूणाचे पुढून मागे जे तुकडे पडतात, त्यांना पराखंड म्हणतात). एका थरातलं जनुक गेलं आणि दुसऱ्या थरातलं विझलं. प्रथिन आपल्या केंद्रकात बसून शेजारच्या पेशीचं जनुक लावू शकत नाही. म्हणजे मध्ये कोणीतरी निरोप्या असला पाहिजे.

तो निरोप्या डीपीपी, पूर्ण नाव डेकापेंटाप्लेजिक. ग्रीकमध्ये डेका-पेंटा म्हणजे पंधरा. हे जनुक बिघडलं की अळीतल्या पंधरा चकत्यांवर, ज्यांच्यापासून पुढे माशीचे पंख, पाय असे अवयव होतात, परिणाम होतो, म्हणून हे नाव. माणसात हाड घडवणारी जी बीएमपी प्रथिनं आहेत, त्यांचं हे भावंड. इतकं जवळचं, की १९९३ मध्ये माशीचं डीपीपी उंदरांत घातल्यावर तिथे हाड तयार होऊ लागलं. चिलटाचा निरोप सस्तन प्राण्याच्या पेशीला समजला, यापेक्षा मोठी गोष्ट मी वर्गात फारशी सांगितलेली नाही.

सातव्या पराखंडातल्या मध्यस्तरात अल्ट्राबायथोरॅक्स डीपीपीला सुरू करतं. डीपीपी पेशीबाहेर पडून आतल्या थराकडे जातं आणि तिथे लेबियल सुरू होतं. १९९० च्या सुमारास मारियान बिएन्झ आणि इतरांच्या कामातून हे पुढे आलं.

आता थांबा आणि पुरावा मागा. मी मुलांना प्रत्येक बाणासाठी तीन रकाने आखायला लावते. पहिला: दोन्ही गोष्टी योग्य वेळी, योग्य जागी दिसतात का? डीपीपी मध्यस्तरात, लेबियल त्याच्या लगेच आत, हो. दुसरा: काढून टाकलं तर? मध्यस्तरातलं डीपीपी नसलेल्या भ्रूणात लेबियल सुरू होत नाही आणि मधला चिमटा नाही, हो. तिसरा: नको तिथे लावलं तर? डीपीपी मध्यस्तरात सगळीकडे सुरू केलं तर लेबियल पुढच्या बाजूला पसरतं, हो. पहिल्या रकान्यावर समाधान मानणारे फार भेटतात. शेजारी-शेजारी दिसणं म्हणजे कारण असणं नव्हे. मांडवीच्या दरवाजापाशी रोज एकाच वेळी दिसणारे दोन दुकानदार भागीदार असतीलच असं नाही.

निरोप पेशीत शिरतो कसा

डीपीपी स्वतः केंद्रकात जात नाही. पेशीच्या पृष्ठभागावर त्याचे ग्राही, म्हणजे निरोप पकडणारी प्रथिनं असतात, थिकव्हेन्स आणि पंट. डीपीपी चिकटलं की हे दोघे जवळ येतात आणि आतल्या मॅड नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात. मॅड मग मेडिया या दुसऱ्या प्रथिनाला सोबत घेऊन केंद्रकात जातं आणि डीएनएवर बसतं. फॉस्फेट चढलेलं मॅडच ओळखणारं प्रतिपिंड मिळतं. भ्रूण त्याने रंगवला की कोणत्या पेशींनी निरोप खरंच ऐकला ते केंद्रकांतून दिसतं. निरोप पाठवला कोणी आणि ऐकला कोणी, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची तपासणी वेगळी करावी लागते.

डीपीपी आणखी एक काम करतं, आणि ते मला अधिक सुंदर वाटतं. ब्रिंकर नावाचं एक प्रथिन डीपीपीची कितीतरी जनुकं दाबून ठेवतं. डीपीपीचा निरोप आला की श्नुरी नावाच्या प्रथिनाच्या मदतीने ब्रिंकरच बंद होतं. म्हणजे गाडी चालायला अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा आणि हँडब्रेकही सोडायचा, दोन्ही कामं एकाच निरोपाने.

एन्हान्सर वाचायला शिकणं

इथे मुलं सगळ्यात जास्त अडखळतात, म्हणून इथे वेळ द्या. डीपीपी भ्रूणात अनेक ठिकाणी असतं. पाठीकडची कातडी त्याने ठरते. आतड्याच्या पुढच्या टोकाशी, तिसऱ्या पराखंडातही ते असतं, आणि त्यातून त्या चार पिशव्या घडायला मदत होते. निरोप तोच, मग परिणाम निराळा कसा?

उत्तर निरोपात नाही, वाचणाऱ्यात आहे. प्रत्येक जनुकाजवळ, ते कुठे आणि कधी सुरू व्हायचं हे ठरवणारे डीएनएचे काही तुकडे असतात, एन्हान्सर. त्यावर वेगवेगळ्या प्रथिनांच्या बसायच्या जागा असतात. लेबियलचा एक एन्हान्सर साधारण ५५० बेसजोड्यांचा आहे. त्यावर मॅड-मेडियाच्या जागा आहेत, आणि त्याच तुकड्यात स्वतः लेबियल प्रथिनाची जागा आहे, एक्स्ट्राडेंटिकल आणि होमोथोरॅक्स या जोडीदार प्रथिनांसह. दोन्ही कुलपं उघडली तरच दार उघडतं. डीपीपी आहे पण लेबियल प्रथिन नाही, तर चालत नाही. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली, एक बँकेची, तसंच हे.

एन्हान्सर तपासायची पद्धत सोपी आहे. तो तुकडा लॅकझेड या जिवाणूच्या जनुकापुढे जोडतात आणि माशीत घालतात. एन्हान्सर जिथे सुरू, तिथे एक्स-गॅल हे रसायन टाकल्यावर निळं होतं. मग तुकड्यातली मॅडची जागा दोन-चार अक्षरं बदलून बिघडवायची आणि निळा राहतो का बघायचं. हे कॉलेजात स्वतः बनवणं कठीण आहे, पण तयार वाण मागवून रंगवणं जमण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन इथे असे हजारो वाण सांभाळले जातात.

तिसऱ्या रकान्यासाठी, म्हणजे नको तिथे जनुक लावण्यासाठी, गॅल-४ आणि यूएएस ही जोडी वापरतात: गॅल-४ हे प्रथिन, यूएएस हा ते जिथे बसतं तो डीएनएचा तुकडा. १९९३ पासून ही वापरात आहे. एका माशीत गॅल-४ कुठे बनायचं ते ठरलेलं, दुसऱ्या माशीत यूएएसमागे हवं ते जनुक, दोघांच्या संततीत दोन्ही एकत्र येतात. गॅल-४ मूळचं यीस्टचं आहे, थंडीत कमी काम करतं. १८ अंशांना थोडं आणि २९ अंशांना जास्त असा फरक मिळतो, त्यामुळे आपला थर्मोकोलचा खोका इथेही कामाला येतो.

शेजारचा निरोप: विंगलेस

आठव्या पराखंडात अल्ट्राबायथोरॅक्सच्या जागी अ‍ॅबडॉमिनल-ए असतं. ते डीपीपीला दाबतं आणि विंगलेस सुरू करतं. म्हणजे मधल्या चिमट्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे निरोप्ये उभे राहतात. आणि ते एकमेकांना टिकवतात: विंगलेस नीट सुरू राहायला डीपीपी लागतं, आणि अल्ट्राबायथोरॅक्स टिकायला दोन्ही.

विंगलेसची ओळख करून देताना मला नेहमी अभिमान वाटतो. पंख नसलेल्या या माशीचं वर्णन १९७३ मध्ये आर. पी. शर्मा यांनी केलं, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून १९७६ मध्ये शर्मा आणि चोप्रा यांनी त्यावर सविस्तर लिहिलं. पुढे उंदराच्या कर्करोगातलं इंट-१ हे जनुक त्याचंच भावंड निघालं, आणि दोन नावं मिळून ‘विंट’ हे आज जगभर वापरलं जाणारं नाव झालं.

विंगलेसचा निरोप आत शिरतो तो आर्मडिलो या प्रथिनामार्फत. एरवी पेशी आर्मडिलो सतत मोडून टाकत असते. निरोप आला की मोडणं थांबतं, आर्मडिलो साठतं, केंद्रकात जातं आणि पँगोलिन या प्रथिनाशी जोडी जमवतं. आर्मडिलो मोडणाऱ्या यंत्रणेतलं एपीसी हे प्रथिन माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात पुष्कळदा बिघडलेलं सापडतं.

पट्ट्याच्या कडेचं कोडं इथे सुटतं. विंगलेस थोडं असेल तर तांबे-पेशी होतात. जास्त असेल तर लेबियल दाबलं जातं आणि त्या जागी मोठ्या चपट्या पेशी होतात. एकाच निरोपाच्या दोन मात्रा, दोन अर्थ. म्हणून पट्ट्याची मागची कड जिथे आहे तिथेच थांबते. वहीत या ठिकाणी बाण काढताना ‘किती’ हे लिहायला विसरू नका. नुसतं ‘विंगलेसमुळे लेबियल बंद’ लिहिलंत तर अर्धी गोष्ट चुकते, नुसतं ‘विंगलेस लागतं’ लिहिलंत तर उरलेली अर्धी.

पडताळा

शेवटी पुन्हा अळीकडे या. निळ्या लगद्यावरच्या काही अळ्या बाजूला ठेवा. दुसऱ्या बाटलीत साध्या खाद्यात १ मिलिमोलर कॉपर सल्फेट घाला, म्हणजे लिटरला पाव ग्रॅम मोरचूद, आणि त्यावर अळ्या वाढवा. आतडी काढून विभागातल्या अतिनील दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, डोळ्यांना अतिनील अडवणारा चष्मा लावून. नारिंगी पेशी कुठून सुरू होतात, कुठे संपतात ते त्याच मापाच्या कागदावर काढा आणि तो कागद पिवळ्या पट्ट्याच्या चित्रावर, पुढचा गोळा आणि मागच्या नळ्या जुळवून, खिडकीच्या काचेवर धरून बघा.